धूर आणि अग्नी: ट्रकचं जुनं इंजिन बोटीत बसवण्याआधी

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रमाणांची तोंडओळख करून घेतली आणि अनुमानापाशी येऊन थांबलो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्राचं ठरलेलं उदाहरण. दोन हजार वर्षं तोच डोंगर आणि तोच धूर. आज डोंगर बाजूला ठेवू या. आपल्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात, मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत, कुठल्या ना कुठल्या जेटीमागच्या शेडमध्ये एक ट्रकचं जुनं इंजिन ओंडक्यांवर ठेवलेलं असतं. भोवती चार माणसं उभी असतात आणि प्रश्न एकच असतो: हे घ्यायचं का? त्या प्रश्नात प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी अशी जवळजवळ सगळी प्रमाणं कामाला लागतात, आणि ती चुकली तर परीक्षेतले गुण जात नाहीत, माणसं जातात.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला पहिल्यांदा नीट चाललं. इंधनातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा ते कामाला लावत होतं, आणि त्या काळची वाफेची इंजिनं याच्या आसपासही नव्हती. पण ते अवाढव्य होतं, त्यामुळे आधी कारखान्यांत बसलं आणि मग जहाजांत गेलं. १९१२ साली ‘सेलांडिया’ नावाचं डेन्मार्कमध्ये बांधलेलं डिझेल जहाज थेट बँकॉकपर्यंत जाऊन आलं. ट्रकमध्ये डिझेल आलं ते त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९२३-२४ च्या सुमाराला. म्हणजे ट्रकचं इंजिन बोटीत घालणं हा काही अधर्म नाही. हे इंजिन पाण्यावर आधी गेलं, रस्त्यावर नंतर आलं. स्वतः डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना एका रात्री जहाजावरून नाहीसा झाला, पण ते इथे नको.

आपल्याकडे १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेन्झशी करार केला, १९५५ मध्ये अशोक मोटर्सचं अशोक लेलँड झालं, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सहा सिलिंडरची, साध्या यांत्रिक पंपाची इंजिनं देशभर पसरली. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि ती उघडणारा मेस्त्री प्रत्येक बंदरात सापडतो. कंपन्या बोटीसाठी तयार इंजिनं विकतात, नाही असं नाही. पण ज्याच्या डोक्यावर जाळ्याचं, बर्फाचं, डिझेलचं उधार आधीच आहे, तो भंगारात निघालेल्या ट्रककडे वळतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपण फक्त एवढंच पाहू की त्याने डोळे उघडे ठेवून वळावं.

आता ‘आधी चालू करून पाहा’ असं का म्हणायचं? कारण बोटीत घालायचं म्हणजे इंजिनाभोवती बरंच काही नवं उभं करावं लागतं. रेडिएटर जातो, त्याच्या जागी हीट एक्स्चेंजर येतो. म्हणजे इंजिनातलं गोडं पाणी आतल्या आत फिरतं आणि त्याला थंड करायला समुद्राचं पाणी वेगळ्या नळ्यांतून जातं. त्यासाठी खाऱ्या पाण्याचा वेगळा पंप लागतो. धुराचा तापलेला मॅनिफोल्ड लाकडी बोटीत उघडा ठेवता येत नाही, म्हणून पाण्याचं वेष्टण असलेला मॅनिफोल्ड बसवतात. ट्रकचा गिअरबॉक्स निरुपयोगी. बोटीला पुढे-मागे नेणारा आणि पंख्याचा सगळा रेटा सोसणारा वेगळा गिअरबॉक्स लागतो. इंजिन तिरकं बसतं, त्यामुळे ऑइलच्या चेंबरचा विचार वेगळा. हा सगळा खर्च बहुतेक वेळा जुन्या इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तो करून झाल्यावर ब्लॉकला चीर आहे असं कळलं, तर काय करणार?

आणि दुसरं कारण अधिक खोल आहे. ट्रक आंबा घाट चढतो तेव्हा इंजिन जीव तोडून काम करतं, पण माथ्यावर पोचलं की उतार येतो, इंजिन श्वास घेतं. गावातून जाताना तर त्याच्या ताकदीचा थोडासाच भाग वापरला जातो. समुद्रात उतार नसतो. पंखा पाणी ढकलत असतो तो तासन् तास एकसारखा. बोट म्हणजे न संपणारा घाट. म्हणून जाणता मेस्त्री बोटीत तेच इंजिन ट्रकपेक्षा कमी फेऱ्यांवर बांधून ठेवतो. ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर दगड लावतो आणि चहा प्यायला जातो. बोट बंद पडली आणि वारा किनाऱ्याकडे असला, तर खडक आणि बोट यांच्यामध्ये फक्त नांगराचा दोर उरतो.

इतकं समजून घेतलं की मग इंजिनाकडे वळू. पहिलं प्रमाण येतं ते शब्द. विकणारा म्हणतो, ‘सर, गाडी चालू होती, परवा परवापर्यंत.’ आपल्या परंपरेने शब्दाला प्रमाण मानलं, पण अट घातली: बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय माहीत आहे आणि जो जसं आहे तसं सांगू इच्छितो, तो आप्त. विकणाऱ्यापाशी पहिली गोष्ट असते, दुसरीची खात्री नसते. म्हणून एक साधी युक्ती. पोचल्या पोचल्या, बोलणं सुरू होण्याआधी, ब्लॉकवर हात ठेवा. तो गार असला पाहिजे. आपण येण्याआधी तासभर चालवून गरम केलेलं इंजिन कुठलंही असो, चटकन लागतं. गरम लागला तर भांडू नका, उद्या सकाळी येतो म्हणा.

सर्वांत उत्तम म्हणजे इंजिन अजून ट्रकमध्येच असताना पाहणं. चालू गाडी, भरलेला माल आणि समोर घाट, याहून चांगली प्रयोगशाळा आपल्याला कोणी देणार नाही. पण बहुधा तसं नशिबात नसतं. इंजिन गाडीतून निघून दोन-तीन वर्षं शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेलं असतं. त्या इंजिनाबद्दल आपण बोलतो आहोत.

अशा इंजिनाला बॅटरी लावून सेल्फ मारणं, ही सगळ्यांना सुचणारी पहिली गोष्ट आणि सगळ्यांत वाईट. का ते पाहा. ताडपत्री फाटलेली असते, एक्झॉस्टच्या तोंडातून पावसाचं पाणी आत जातं आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तिथे पिस्टनच्या डोक्यावर साचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फने जोरात फिरवलं की पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आवाज फारसा येत नाही. इंजिन कदाचित नंतर चालूही होतं, आणि तो वाकलेला रॉड बोटीत जातो.

म्हणून क्रम असा. आधी डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइल वाढत नसतं, त्यात दुसरं काही तरी उतरलं आहे: पाणी किंवा डिझेल. मग चेंबरचा खालचा नट हळू, अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी असतं आणि आधी तेच बाहेर येतं. वाटीत धरून बघा. चमचाभर पाणी हे दमट हवेत पडून राहिलेल्या यंत्राला माफ आहे. अर्धा तांब्या असेल तर वाट कुठून मिळाली ते शोधावं लागेल. जुनं ऑइल सगळं काढून नवं भरा, फिल्टर बदला. काही जण फार जाड ऑइल घालून ठेवतात. त्याने घासलेल्या बेअरिंगचा आवाज दबतो आणि प्रेशरही बरं दिसतं. ऑइल आपण स्वतः बदललं की तो पडदा निघतो.

त्यानंतर सहाही नोझल काढायचे. प्रत्येक भोकातून थोडं पातळ ऑइल आत सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. गंजाने धरलेल्या रिंगा सुटायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुढच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवायचं. सेल्फने नाही, हाताने. इथे आपलं पहिलं खरं प्रत्यक्ष येतं, आणि ते डोळ्याचं नाही, हाताचं आहे. आम्ही ज्या मेस्त्रींकडे बसून हे पाहिलं, ते फिरवताना डोळे मिटून घेत. विचारलं तर म्हणाले, ‘दिसायला लागलं की कळायचं बंद होतं.’ पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात गिल्बर्ट राइल यांनी ‘अमुक आहे हे ठाऊक असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यांत फरक केला आणि त्यावर ग्रंथांचे ढीग झाले. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांनी मात्र दुसऱ्या प्रकाराला ज्ञानच मानलं नाही. हात काळे करणारा तो कारागीर, आणि बोलणारा तो ज्ञानी! याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. असो.

हाताला काय कळतं? चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. म्हणून एक फेरी पुरत नाही, पूर्ण दोन हव्यात. नोझल काढलेले असताना फिरणं एकसारखं असावं. अडलं, तर कसं अडलं ते महत्त्वाचं. मऊ, चिकट अडणं म्हणजे गंज किंवा वाळलेलं ऑइल. थोडं मागे, थोडं पुढे करत, दोन दिवस धीर धरला तर सुटतं. टणक, एकाच जागी येऊन ठाम थांबणं म्हणजे आत काहीतरी मधे आलं आहे, आणि तिथे ताकद लावणं हा गुन्हा समजावा. हेडचं झाकण उघडून बघितलं की अनेकदा कारण दिसतं: एखादा व्हॉल्व्ह वर यायचा तो अडकून खालीच राहिला आहे. असल्या व्हॉल्व्हवर सेल्फ मारला की पुशरॉड वाकतो, नाहीतर पिस्टन त्यावर आदळतो.

दोन फेऱ्या निर्धोक झाल्या की नोझल परत बसवून पुन्हा हाताने फिरवायचं. आता हवा दाबली जाते, त्यामुळे पान्याला उंचवटे लागतात. सहा सिलिंडर, म्हणून दोन फेऱ्यांत सहा उंचवटे, समान अंतरावर. ते मोजा. पाचच आले, किंवा एक अगदीच लेचापेचा आला, तर तिथला व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा रिंगा गेल्या. गेज लावून कॉम्प्रेशन मोजता येतं आणि मोजावंही. पण आकडा किती यापेक्षा सहांमध्ये फरक किती हे जास्त सांगून जातं. सहा भाऊ सारखेच दमलेले असतील तर संसार चालतो. एकटाच आजारी असेल तर कारण शोधावं लागतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आपल्याला माहीत आहे. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि तीत डिझेलचा फवारा गेला की आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तेच हे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, इंजिन पुरेशा वेगाने फिरलं नाही तर हवेला निसटायला आणि निवायला वेळ मिळतो, मग ते पेटत नाही. म्हणून बॅटऱ्या दणकट आणि केबल जाड हव्यात. सेल्फ १२ व्होल्टचा की २४ चा हे त्याच्या पट्टीवर वाचूनच जोडा. दुसरी गोष्ट, एकदा चालू झालेलं इंजिन चावी फिरवून बंद होत नाही. ठिणगीच नाही, तर तोडणार काय? ते थांबतं ते फक्त इंधन किंवा हवा थांबवली तर.

या दुसऱ्या गोष्टीतच सर्वांत मोठा धोका आहे. या इंजिनांवर बहुधा मायकोचा लांबट पंप असतो. मायको म्हणजे १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली, बॉशशी जोडलेली कंपनी. त्या पंपाच्या आत एक दातेरी दांडी असते, ती सरकेल तितकं डिझेल कमी-जास्त होतं. इंजिन बंद असताना आतली स्प्रिंग ही दांडी जास्तीत जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते, आणि इंजिन वेगात आलं की गव्हर्नर तिला मागे ओढतो. आता विचार करा: तीन वर्षं पडून राहिल्यावर ही दांडी गोंद झालेल्या डिझेलने तिथेच चिकटली असेल तर? इंजिन पेटेल आणि वेग वाढतच जाईल. गव्हर्नर ओढेल, दांडी हलणार नाही. काही सेकंदांत फेऱ्या इतक्या वाढतात की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. शेडमधली चार माणसं तेव्हा हाताच्या अंतरावर उभी असतात.

म्हणून सेल्फ मारण्याआधी पंपाच्या बाजूचं झाकण काढून ती दांडी बोटाने सरकते का ते बघायचंच. बंद करायचा खटका ओढला की ती शून्यावर जाते का, सोडला की परत येते का, तेही पाहायचं. आणि एअर फिल्टर काढून, हवेच्या तोंडावर नेमकी बसेल अशी जाड फळी किंवा पत्रा एका माणसाच्या हातात द्यायचा. त्याला दुसरं काम नाही. वेग सुटला की तोंडावर दाबायचा. हात लावायचा नाही, फडकं कोंबायचं नाही. फडकं आत ओढलं जातं आणि हाताचंही काही खरं नाही. तो माणूस नव्याण्णव वेळा नुसताच उभा राहील. राहू द्या.

इंधन ट्रकच्या जुन्या टाकीतून घेऊ नका. पंपापेक्षा उंचावर एक स्वच्छ कॅन टांगा, नवे फिल्टर लावा. मग हवा काढायची: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस जाऊन नितळ डिझेल आलं की आवळायचा, पुढे पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सेल्फ फिरवत. इथे एक इशारा. नोझल उघडायलाच सुमारे २०० बार दाब लागतो. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि दुसऱ्या दिवशी बोट काळं पडतं. गळती बोटाने शोधायची नाही, पुठ्ठ्याने शोधायची. आणि टोचलंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं.

इंजिन मजबूत चौकटीला बोल्ट केलेलं हवं, दोरीने बांधलेलं नाही. रेडिएटर आणि पंखा तसेच राहू द्या. चाचणीला तोच सोपा. आणि आता बंद करायचा खटका ओढून धरूनच सेल्फ मारायचा, दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा. पेटू द्यायचं नाही, फक्त ऑइल वर चढू द्यायचं.

इथे ऑइल प्रेशरचा काटा बघायचा असतो. काटा हलला नाही तर काय कळलं? मीमांसकांनी अनुपलब्धी नावाचं प्रमाण मानलं: वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही. पण त्यांनी लगेच अट घातली की ती योग्य अनुपलब्धी हवी. असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. तसंच हे. ट्रकचा जुना विजेचा काटा मेलेला असेल तर तो शून्य दाखवतो, आणि प्रेशर असतानाही शून्य दाखवतो. म्हणून नळीने थेट जोडायचं साधं यांत्रिक गेज, आधी चालत्या गाडीवर पारखलेलं, लावा. मग शून्याला अर्थ येतो. त्या गेजवर प्रेशर उठल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता खटका सोडा आणि सेल्फ मारा. एक्झॉस्टमधून पांढरं काहीतरी येतं, इंजिन एक-दोन सिलिंडरवर खोकतं, आणि सगळे जण ‘लागलं, लागलं’ म्हणतात. न्यायाचा विद्यार्थी मात्र इथे थबकेल. कारण हा पांढरा धूर हा धूरच नव्हे. ते न पेटलेल्या डिझेलचं धुकं आहे. म्हणजे अग्नी नाही म्हणून ते आहे! नैयायिकांनी हे ओळखलं होतं; लांबून दिसणारी वाफ धूर समजून कोणी अग्नीचं अनुमान केलं तर ते फसतं, हे त्यांच्या चर्चेत येतं. पांढऱ्यातही दोन जाती. डिझेलचं धुकं डोळ्यांना झोंबतं, वास येतो, हवेत रेंगाळतं. पाण्याची वाफ झोंबत नाही, लवकर विरते. पहिली गरम झाल्यावर जाते. दुसरी इंजिन चांगलं तापल्यावरही येत राहिली, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण थांबा, कालच आपण स्वतः सहाही सिलिंडरमध्ये ऑइल ओतलं होतं. मग पहिली दहा-पंधरा मिनिटं निळा येणारच, त्यावरून रिंगा गेल्या असं म्हणता येत नाही. शास्त्रात याला उपाधी म्हणतात: हेतू आणि साध्य यांच्यामध्ये लपून बसलेली तिसरी अट. धूर असायला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं लाकूड लागतं, हे त्यांचं उदाहरण. आपली उपाधी म्हणजे कालचं ऑइल. ती जळून जाऊ द्या, मग निळ्याचा अर्थ लावा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. रेस एकदम दिली तर क्षणभर काळा निघणं चालतं; नुसतं हळू चालत असताना सतत काळा येत असेल तर नोझल टपकतोय किंवा हवेची वाट तुंबली आहे.

आणि चांगलं, तापलेलं इंजिन? त्याच्या तोंडाशी जवळजवळ काहीच दिसत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, असं नैयायिक सांगत. धूर असेल तिथे अग्नी, हे खरं. अग्नी असेल तिथे धूर, हे खरं नाही. विद्यार्थ्यांना हा फरक फळ्यावर शिकवताना घाम फुटतो, शेडमध्ये तो नाकाला कळतो.

इंजिन चालू झालं की पहिल्या दहा सेकंदांत प्रेशर न दिसल्यास बंद. दिसलं तर मंद चालू द्या आणि ब्रीदरच्या नळीपुढे तळवा धरा. थोडा श्वास लागावा. भाता मारल्यासारखा जोर लागला तर पिस्टनच्या बाजूने वायू खाली उतरतोय, रिंगा-लायनर दमलेत. एखादा सिलिंडर काम करत नाही असा संशय असेल तर मेस्त्री जाड हातमोजा घालून, फडकं धरून, नोझलच्या नळीचा नट एकेक करून थोडा सैल करतो. चालत्या सिलिंडरचा सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याचा सैल करूनही आवाज पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला.

मग तापू द्यायचं, ऐंशी अंशांपर्यंत, आणि तासभर वेगवेगळ्या फेऱ्यांवर चालवायचं. रेडिएटरचं तोंड सुरुवातीला उघडं असेल तर त्यात बुडबुडे येतात का ते बघायचं. तापल्यावर ते झाकण कोणीही उघडायचं नाही. पाण्याची पातळी खूण करून ठेवायची.

देवदत्ताची गोष्ट आपण पहिल्याच व्याख्यानात पाहिली. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. मग तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसक त्याला अर्थापत्ती म्हणतात. आता रेडिएटरमधलं पाणी तासाभरात दोन बोटं उतरलं. खाली जमीन कोरडी आहे, नळ्या कोरड्या आहेत, पंपाखाली थेंब नाही. मग ते गेलं कुठे? रात्री जेवलं! म्हणजे आत गेलं. हेड गॅसकेट, चिरलेलं हेड किंवा गळका लायनर, यांपैकी एक. ही एक अर्थापत्ती लाखाचा खर्च वाचवते, आणि तिच्यासाठी फक्त खडूची एक खूण लागते.

एवढं सगळं बरं निघालं, तर इंजिन चांगलं आहे हे सिद्ध झालं का? नाही. कार्ल पॉपर म्हणत की हजार पांढरे हंस पाहून ‘सगळे हंस पांढरे’ हे सिद्ध होत नाही, एक काळा हंस मात्र ते खोडून काढतो. बिनओझ्याची चाचणी अशीच असते. ती इंजिन नापास करू शकते, पास करू शकत नाही. ओझं पडल्यावर काय होईल, हे ओझं पडल्यावरच कळणार. आपल्या बंदरात इंजिनावर ओझं टाकून मोजायची सोय सहसा नसते. बोट जेटीला बांधून पंखा फिरवता येतो, पण तोवर खर्च होऊन गेलेला असतो. मधला मार्ग म्हणून आम्हांला त्या मेस्त्रींची एक सवय फार पटली. तासभर चालवल्यावर ते ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळत, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडत आणि उन्हात धरत. राखाडी बारीक कचरा चालतो. चकाकणारे कण दिसले, विशेषतः तांबूस, तर बेअरिंगचा थर निघतोय. मग चेंबर उघडून बेअरिंग पाहिल्याशिवाय पुढे नाही.

आणि रात्रभर तसंच ठेवून, दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन पुन्हा चालू करायचं. काल चालू झालं ते चार माणसांच्या मेहनतीने. आज एकट्याने, एका सेल्फवर, पहाटे चारला तांडेल उठून चालू करेल तसं झालं पाहिजे. त्याआधी डिपस्टिक पुन्हा, पाण्याची खूण पुन्हा. खूण जागेवर असेल, ऑइल स्वच्छ असेल आणि पांढरं धुकं अर्ध्या मिनिटात गेलं, तर मग गिअरबॉक्सवाल्याला फोन करायला हरकत नाही.

वेळ संपली. उपमान राहिलं, ते पुढच्या वेळी घेऊ.